अर्धा मोल साखर

३ जानेवारी
उपाशीपोटी साखर १८०. आमचा डॉक्टर म्हणजे हिचा धाकटा भाऊ. म्हणाला, भावोजी, महिनाभरात खाली आली नाही तर इन्सुलिनची सुई, रोज. सुईला मी भीत नाही. रक्त काढताना घसरलो, कारण खुर्चीच गुळगुळीत होती. संकल्प: गोड बंद. कायमचं.

४ जानेवारी
वीस वर्षं केमिस्ट्री शिकवतोय आणि काल नुसत्या आकड्याला दचकलो. ग्लुकोजचं रेणुवस्तुमानही १८०च की. ग्रॅमला त्याने भागायचं, की मोल हातात. लिटरभर रक्तात १.८ ग्रॅम, म्हणजे ०.०१ मोल. एवढ्याशासाठी सुई? मेहुण्याची केमिस्ट्री पहिल्यापासून कच्ची. संकल्पात दुरुस्ती: गोड खायचं, पण मोलमध्ये मोजून. दिवसाला अर्धा मोल, बस.

९ जानेवारी
तीन कप चहा, साखर ३० ग्रॅम, भागिले साखरेचं रेणुवस्तुमान ३४२. ०.०९ मोल. स्टाफरूममध्ये पीटीच्या सरांचा वाढदिवस. केकचा तुकडा, ०.१. दुसरा आग्रहाखातर. सगळं मिळून एकसुद्धा पूर्ण होत नाही. इतका संयम जन्मात केला नव्हता. अंग कसं पिसासारखं हलकं वाटतंय. पँट तेवढी धुण्यात आटली.

१५ जानेवारी
आज फक्त ०.३८. उरलेला कोटा वाया का घालवा, म्हणून झोपण्याआधी आईस्क्रीम.

१६ जानेवारी, रात्री
हिला माझा संयम समजावून सांगितला. म्हणाली, अर्धा मोल म्हणजे किती ते काट्यावर दाखवा. १७१ ग्रॅम. वाटी भरली, शीग लागली, ओट्यावर सांडली. हिने वाटीकडे बघत पदराने डोळे पुसले. मी म्हणालो, वाटी लहान आहे. दुपारचा चहा बिनसाखरेचा आला. शाळेच्या कँटीनमध्ये भरून काढला.

२ फेब्रुवारी, सकाळी
साखर २५२. मेहुण्याला शांतपणे समजावलं की हे ०.०१४ मोल, म्हणजे वाढ जेमतेम चार सहस्रांश. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, छान, आता शर्ट वर करा.

दुपारी
दहा युनिट. आल्या आल्या हिशेब केला. ०.०००००००६ मोल. असून नसल्यासारखं.
दुखलं. हिने हात घट्ट धरला होता. खुर्चीला दोन्ही बाजूंना दांडे होते, तरी घसरलो.