आत्याबाईचं उड्डाण

प्रिय पाना-पकडवाल्या लेकी,

तुझ्या संग्रहालयाने माझा घोर अपमान केला आहे आणि या खटल्यात तुलाच न्यायाधीश नेमण्यावाचून मला गत्यंतर नाही. विमानाशेजारच्या फलकासाठी त्याचा इतिहास लिहून द्या, अशी विनंती त्यांनीच केली. मी मोठ्या उमेदीने आरंभ केला, 'रणधूमधूसरगगनसंचारिणी'. काल फलक रंगवणाऱ्याचा फोन आला. म्हणाला, "मास्तर, ही बाई फळीबाहेर चालली. दोन तुकडे करू का?" तीस वर्षं पोरांकडून समास सोडवून घेतले, पण ब्रशने कुणी सोडवला नव्हता. शेवटी त्याने तिथे 'जुने मालवाहू विमान' एवढंच रंगवलं. चूक काढायला जागा नाही, हेच दुःख.

असो. फळीवर जे मावलं नाही ते तुला सांगतो. येत्या रविवारी ते विमान इतक्या वर्षांनी पुन्हा उडणार आणि त्याचं डावं इंजिन तू जिवंत केलं आहेस, तेव्हा ऐकण्याचा पहिला हक्क तुझा. यातलं निम्मं तुला ठाऊक आहे. पण ठाऊक असलेलंच पुन्हा सांगणे हा आम्हा मास्तरांचा कुलधर्म.

युद्धात तुझ्या आजोबांच्या तुकडीत त्या विमानाला 'आत्याबाई' म्हणत. आवाज मोठा, सामान अवाढव्य, वेळेचा पत्ता नाही. पण घरावर संकट आलं की दारात हजर. अंगावर एक बंदूक नाही. डोंगरापलीकडे वेढ्यात अडकलेल्यांना ती पीठ, औषधं, दारूगोळा, पायमोजे पोचवायची आणि परतताना जखमींना घेऊन यायची. एकदा तिने दोन खेचरं नेली; त्यातल्या एकाने वैमानिकाच्या खुर्चीची पाठ चघळून संपवली. लढाऊ विमानं उडवणारे शूरवीर तिला बघून फिदीफिदी हसायचे. पुढे त्यांतले काही तिच्याच पोटात आडवे होऊन घरी आले, तेव्हा कुणाला हसू आलं नाही.

एकदा तिकडच्या धावपट्टीवर माल उतरत असतानाच गोळीबार झाला आणि तिच्या पोटाला भगदाड पडलं. दुसऱ्या विमानाने आजोबांना दुरुस्तीसाठी तिथे पाठवलं. जखमी खोळंबलेले, पत्रा मिळेना. त्यांनी बिस्किटांचे डबे कापून ठिगळ ठोकलं. डब्यावरचं 'ओलाव्यापासून दूर ठेवा' हे छापील वाक्य तसंच राहिलं आणि आत्याबाई ते पोटावर मिरवत भर पावसातून परतली. ज्या विमानाने आजोबा गेले, त्यात जागा होती. तरी ते आत्याबाईत बसले. माणूस कसा, तर गच्चीच्या कठड्यापाशी उभं राहिलं तरी चक्कर येणारा! पण त्यांच्या तुकडीचा रिवाज होता, दुरुस्ती ज्याने केली त्याने पहिल्या उड्डाणात आत बसायचं. हुकूम असा नव्हताच. वैमानिक शिडीपाशी थांबून एवढंच विचारायचा, "काय मिस्त्री, येताय ना?" मिस्त्री घुटमळला, तर वैमानिकही चढायचा नाही.

पुढे शांततेच्या काळात आत्याबाईने टपाल नेलं, बियाणं नेलं, शाळेची बाकं नेली, पुरात अडकलेली माणसं आणली. मग थकली. हँगरमागच्या गवतात उभी राहिली आणि तिच्या शेपटीत पाखरांनी संसार थाटले. तिथून तुम्ही मंडळींनी तिला ओढून बाहेर काढलं. मागल्या महिन्यात तू इंजिन चालू केलंस, तेव्हा मी कुंपणापाशी होतो. धूर, खोकला, पुन्हा धूर, आणि मग एकदम तो आवाज! शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना मी सांगितलं, "ती तेलाने माखलेली दिसते ना, ती आमची कन्या." त्यांनी काहीही विचारलं नव्हतं. मग पलीकडच्यांनाही सांगितलं. परतताना बसच्या कंडक्टरलाही सांगितलं, असा तुझ्या आईचा आरोप आहे. आरोप मान्य.

आता मुद्द्याचं. परवा तुमचे मुख्य अभियंते घरी येऊन गेले. म्हणाले, इंजिन उत्तम आहे, वैमानिक दोघे पुरेत, पण ही पोरगी आजोबांचा रिवाज पुढे करून आत बसायचा हट्ट धरते आहे. तुम्ही समजावा, तुमचं ऐकेल. मी हो म्हटलं आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. एवढं लिहून झालं, पण 'बसू नकोस' हे दोन शब्द काही हातून उतरत नाहीत. ते मी लिहिणारही नाही. इंजिन तुझं आहे, ठरवायचं तूच. तू शिडी चढलीस तर माझी मान ताठ होईल. तुझ्या हातांवर माझा विश्वासही आहे. पण आजोबा उडत होते तेव्हा मी जन्मलो नव्हतो. आकाशाकडे डोळे लावून घरच्या माणसाची वाट बघणं मला कधी करावं लागलं नाही. रविवारी ते पहिल्यांदा करायचं आहे. मला फार भीती वाटते आहे, बाळा. आईला हे सांगितलेलं नाही.

जमिनीवर उभा असलेला,
तुझाच
बाबा