ग्लोब्युलिन जरा जास्त

१८ सप्टेंबर २००४
रक्ताचा रिपोर्ट आला. कंबर दुखते, जिना चढताना दम लागतो, म्हणून बायकोने, सरिताने, महिनाभर डोकं खाल्लं होतं. गंगापूर रोडच्या आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. म्हणाले, ग्लोब्युलिन बरंच जास्त आहे. ते काय असतं, असं मी विचारलं नाही. दिंडोरीत द्राक्षाच्या औषधांचं दुकान आहे माझं. बागायतदार वेलीच्या पानांचे देठ लॅबला पाठवतात आणि रिपोर्ट माझ्याकडून वाचून घेतात. जास्त आलं ते बंद करायचं, कमी आलं ते द्यायचं. माणसाचं वेगळं काय असणार?

१९ सप्टेंबर
दुकानात काउंटरवर रिपोर्ट शांतपणे वाचला. ग्लोब्युलिन ७.१, हवं साडेतीनच्या आत. अल्ब्युमिन ३.१, कमी. टोटल प्रोटीन १०.२. हिमोग्लोबिन ९.४, म्हणजे तेही कमीच. निदान: प्रोटीनचा ओव्हरडोस. घरात रोज डाळ, मटकी, शेंगदाण्याचा कूट. सरिताच्या हाताला माप नाही.
डॉक्टरांनी आणखी एक टेस्ट लिहून दिली आहे, इलेक्ट्रोफोरेसिस. नाव बुरशीनाशकासारखं आहे. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली, दुकान सोडता येणार नाही. छाटणी झाली की करू. सरिताला सांगितलं, सगळं नॉर्मल आहे.

२ ऑक्टोबर
आजपासून डाळ बंद. मटकी, शेंगदाणे, अंडी बंद. दूध फक्त चहापुरतं. सरिताने विचारलं, नॉर्मल आहे तर बंद कशाला? म्हटलं, नॉर्मल राहावं म्हणून.

११ ऑक्टोबर
सावळीराम आला होता. जुनं गिऱ्हाईक, तोंडाने फटकळ. म्हणाला, भाऊ, लय वाळले तुम्ही, शुगर हाय का? डाएट चालू आहे म्हटलं. तर म्हणे, डाएटनं माणूस पिवळा नाय पडत. त्याच्या बागेत लोह कमी आहे, पानं पिवळी पडलीत. त्याला सगळीकडे पिवळंच दिसतंय. फेरस सल्फेट देऊन वाटेला लावला.

२७ ऑक्टोबर
छाटण्या उरकत आल्या, तर आता वेलींवर डाऊनीची बुरशी. सकाळपासून लोक रोगट पानं घेऊन उभे. टेस्ट पुढच्या महिन्यात.
एक सुचलं. जमिनीत क्षार वाढले की आपण भरपूर पाणी सोडतो, निचरा होतो. मग रक्ताचं का होऊ नये? आजपासून तांब्या तांब्या पाणी.

३ नोव्हेंबर
लघवीला फेस येतोय. निचरा चालू झाला.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
शेव, लाडू, चकली. बेसन नाहीतर भाजणी, म्हणजे शेवटी डाळच. एक घास खाल्ला नाही. सरिता माझ्यासमोर ताट धरून उभी राहिली, मग घेऊन गेली. स्वतःच्या मनोनिग्रहाचं कौतुक वाटलं. भूक तशी नव्हतीच.

२० नोव्हेंबर
कंबर. गादी बदलली. जुन्या गादीचा कापूस एका बाजूला गेला होता. नव्या गादीचाही जाईल असं दिसतं.

४ डिसेंबर
गुपचूप दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. ग्लोब्युलिन ७.०. उतरलं. या गतीने सात-आठ वर्षांत नॉर्मल. अल्ब्युमिन २.६ वर आलं, पण एवढं पथ्य केल्यावर कुठेतरी फटका बसायचाच. इलेक्ट्रोफोरेसिसची गरज राहिली नाही. सरिताला सांगावंसं वाटलं. पण मग आधीचंही सांगावं लागेल.

२६ डिसेंबर
दिवसभर खुर्चीवर बसून दुकान चालवलं. अनुभवी माणसाला उठावं लागत नाही. सरिता म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ, मी बरोबर येते. म्हटलं, बागांमधला माल निघू दे. ती म्हणाली, माल लोकांचा आहे.

८ जानेवारी २००५
गंधकाची पिशवी फोडली, शिंक आली आणि कमरेत कट्‌कन वाजलं. खाली बसलो तो उठता येईना. सावळीराम आणि हमालाने उचलून जीपमध्ये घातलं. शिंकेने कोणाचं काही मोडत नाही. लचक असणार.

१० जानेवारी, हॉस्पिटल
मणका दबला आहे. इथले डॉक्टर तरुण आहेत. आधी कधी रक्त तपासलं होतं का, विचारलं. म्हटलं, सप्टेंबरात, ग्लोब्युलिन जरा जास्त होतं, पण डाळ बंद केली. ते लिहायचे थांबले. म्हणाले, ते खाण्याने वाढत नाही. हाडांच्या आत ज्या पेशी ते तयार करतात, त्या बिघडल्या की तेच तयार करत सुटतात. हाडं पोखरली जातात, किडनीला मार बसतो. किडनीला बसलाच आहे. डाळ सोडून तुम्ही फक्त अशक्त झालात. टेस्ट तेव्हाच का केली नाही?
सीझन होता, म्हटलं.
सरिता पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. म्हणाली, तुम्ही तर नॉर्मल म्हणाला होता. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी
खुब्यात सुई घालून हाडातला मगज काढला. दुखलं असावं. मी छतावरच्या पंख्याकडे बघत होतो.

२ फेब्रुवारी
कॅन्सर आहे. औषधं आहेत, म्हणाले, काही वर्षं मिळू शकतात, पण किडनी पूर्ववत होईल असं नाही. भीती वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. अंग कोणा दुसऱ्याचं असल्यासारखं पडून आहे. सरिताने विचारलं, मला का नाही सांगितलं? उत्तर द्यायला तोंड उघडलं तर छाटणीचंच आलं. मिटून घेतलं.
आजाराचं नाव इथे लिहून ठेवावं म्हटलं. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, आठवत नाही. सरिताला विचारलं. तिला स्पेलिंगसकट पाठ आहे. तिने एकेक अक्षर सांगितलं, मी लिहितोय का ते बघत थांबली, परत सांगितलं.
मी लिहिलं नाही.