आईचा पगार

देवपूर, धुळे
२८ जुलै २०२५

ती. नाना यांस,
हितेंद्रचा सा. न. वि. वि.

नाना, तुमच्या नातवाला डिप्लोमाला ॲडमिशन मिळाली! यंत्र शाखा, सरकारी कॉलेज. फोन केला असता, पण कापसाच्या जिनिंग मशिनीपाशी बहिऱ्या झालेल्या तुमच्या कानांना फोन म्हणजे नुसतं हॅलो हॅलो. म्हणून पत्र. आणि हे पत्र मनात वाचा बरं का. तुमचं मनात वाचणंही पार बसस्टँडपर्यंत ऐकू जातं.

कॉलेजच्या होस्टेलला नंबर लागला नाही. दोंडाईच्याचा दीपक आणि मी मिळून खोली घेतली आहे. बाहेरगावी राहून शिकणाऱ्या गरीब घरच्या पोरांना सरकार राहण्या-जेवणाचा भत्ता देतं, त्यासाठी मी अर्ज केला आहे. त्यावरच सगळं अवलंबून आहे. तो मिळाला तर शिक्षण पूर्ण होईल, नाही मिळाला तर दिवाळीत पेटी उचलून परत पाचोऱ्याला. पण मिळणार, नाना! उत्पन्नाचा दाखला आहे, मार्क आहेत. बुधवारी इथल्या कचेरीत तोंडी चौकशी आहे, आईला बोलावलं आहे. तिला पारोळ्याला गाडी बदलायची आठवण करून द्या, नाहीतर ती बोलण्याच्या नादात पुढे निघून जाईल.

कळावे. लोभ आहेच, त्यात धुळ्यामुळे घट होऊ देऊ नये.

तुमचा,
हितेंद्र


पाचोरा
५ ऑगस्ट २०२५

चि. हितेंद्र यास,
नानाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गाढवा, मी मनातच वाचतो. लोकांचे कान लांब आहेत त्याला मी काय करू?

तुझी आई धुळ्याहून आली ती दिल्ली जिंकल्यासारखी. साहेबांनी खुर्ची दिली, नीट विचारलं आणि आपण एकाही प्रश्नाला अडलो नाही, हे गल्लीत प्रत्येकाला दोनदा सांगून झालं. कानबाईच्या सणात रोटांच्या जेवणाला सगळे भाऊबंद जमले होते, तिथे तर बेबाचंच कीर्तन. तुझे वडील गेल्यापासून मी माझ्या लेकीला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं रे.

दीपकला म्हणावं, आमच्या पोराला भाजी चिरायला लावत जा. घरी त्याने ताटसुद्धा उचललेलं नाही. अभ्यास कर. मोटारसायकलवाल्यांच्या नादी लागलास तर मी स्वतः येऊन कान उपटीन, माझे गेले तरी तुझे शाबूत आहेत.

बाकी क्षेम. आशीर्वाद आहेत, ते सांडू नको.

तुझा,
नाना


धुळे
१८ ऑगस्ट २०२५

ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.

नाना, हे पत्र खरोखर मनात वाचा. आईला यातलं अक्षर कळू देऊ नका, तुम्हाला माझी शपथ.

यादीतून माझं नाव कापलं. नावापुढे शेरा आहे: आई नोकरदार, पगारपत्रक जोडलेले नाही, उत्पन्नाचा दाखला संशयास्पद. साहेबांना भेटलो तेव्हा ते म्हणाले की, तुझ्या आईनेच सांगितलं, दर महिन्याला पगार येतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा गेल्यापासून आईला निराधार योजनेची मदत येते, तिला आपल्याकडे सगळेच पगार म्हणतात. बँकेत गेलं तरी बाया विचारतात, पगार झाला का? आईनेही साहेबांना मोठ्या ऐटीत सांगितलं असणार, “माले पगार शे.” धुळ्याच्या साहेबाने त्याचा अर्थ नोकरी असा घेतला.

मी हे समजावलं, तर ते म्हणाले, तोंडी चालणार नाही. तुमच्या तहसीलचं पत्र आणा, तेही महिनाअखेरच्या आत. तुम्ही गुपचूप जाऊन ते आणाल का? आईला कळलं की तिच्या बोलण्यामुळे घोडं अडलं, तर ती जेवणार नाही. शिवाय दीपकची आत्या म्हणते की, एका घरात दोन सरकारी मदती चालत नाहीत, पोरगा शिकत असला तर आईची बंद होते. ते खरं असेल तर मला भत्ता नको. मी परत येईन.

लोभ असावा, आणि यावेळी तो दबक्या आवाजात असावा.

तुमचा,
हितेंद्र


पाचोरा
२५ ऑगस्ट २०२५

चि. हितेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी मनातच वाचलं. तरी भिंतीपलीकडून कुंदाबाई ओरडली की, बेबा, तुझ्या पगारापायी पोराचं नाव कापलं म्हणे! आता तूच सांग, यात माझी काय चूक?

तुझी आई पोळ्याच्या पुरणाला हात घालून बसली होती. हात धुतले, उठली आणि चुलीपुढे नुसती उभी राहिली. सण कसाबसा झाला. कचेरी उघडली त्या दिवशी मला घेऊन थेट तहसीलला. मला तिथे अर्धंच ऐकू आलं. बाकीचं तिने येताना रिक्षात माझ्या कानात ओरडून सांगितलं, आता ते रिक्षावाल्यालाही पाठ आहे.

तिथल्या निराधारचं काम बघणाऱ्या मॅडमपुढे जाऊन ती म्हणाली, माझा पगार बंद करा, पण पोराचं शिक्षण चालू राहू द्या. मॅडमने विचारलं, तुम्ही कोणत्या खात्यात आहात? ही म्हणाली, निराधारच्या. मग मॅडमला उलगडा झाला. बाई भली होती, हसली नाही. हा पगार नाही, मदत आहे, असं तिने समजावलं. पोरगा शिकतो म्हणून ती बंद होत नाही. तो पंचवीस वर्षांचा होईपर्यंत किंवा नोकरीला लागेपर्यंत चालते. त्याचा भत्ता वेगळा, हिची मदत वेगळी, एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही. दीपकच्या आत्याला सांग, कायदा जिभेवर ठेवत जाऊ नको!

मग मॅडमने पत्र लिहायला घेतलं, तर बेबा अडून बसली. निराधार हा शब्द तेवढा लिहू नका म्हणाली. मॅडम म्हणाली, त्याशिवाय पत्र कसं होणार? तेव्हा तुझी आई जे बोलली ते मला दोन्ही बंद कानांनी ऐकू आलं. “मदत म्हटलं की मान खाली जाते. पगार म्हटलं की ताठ राहते. मी कशाची निराधार? माझा पोरगा आहे. मना पोऱ्या शे.”

मग तिनेच डोळे पुसले आणि म्हणाली, लिहा, पोराच्या कामाला येतं तर लिहा.

उद्या ती पत्र घेऊन स्वतः येते आहे. मी तिला थांबवलं नाही. तूही थांबवू नको.

तुझा,
नाना


धुळे
१५ सप्टेंबर २०२५

ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.

गंगेत घोडं न्हालं! यादी लागली, माझं नाव आहे. दीपकने मला खांद्यावर घेऊन गल्लीत फिरवलं आणि खोलीमालकीण मंजुळाबाईंनी दोघांना शेव-भाजी खाऊ घातली. दिवाळीला येईन तो पेटी न घेता, नुसती पिशवी घेऊन!

आई आली होती त्या दिवसाचं तुम्हाला तिने सांगितलं नसेल. साहेबांच्या टेबलापुढे ती उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही. साहेब, मी नोकरदार नाही, निराधार आहे, असं मोठ्याने म्हणाली. खोलीत वीसेक माणसं असतील. नाना, माझ्याच्याने तिच्याकडे पाहवलं नाही. साहेबांनी तिथल्या तिथे शेरा खोडला आणि तिला हात जोडले. बाहेर आल्यावर ती जणू काही झालंच नाही अशी मला विचारत होती की, रोज जेवतोस का?

मी नुसतं ‘हो’ म्हणालो. बाकीचं तिला तुम्ही बोला, आणि मोठ्याने बोला.

लोभ वाढवत राहावा, आता मला त्याची जास्त गरज आहे.

तुमचा,
हितेंद्र


पाचोरा
२२ सप्टेंबर २०२५

चि. हितेंद्रला आईचा आशीर्वाद.

हे मी माझ्या हाताने लिहिते. शाळेतल्या चवथीनंतर एवढं कधी लिहिलं नाही, चुका काढू नको. नाना मोठ्याने बोलले. गल्लीलाही कळलं.

मॅडमने सांगितलं ते मी विसरले नाही. तू शिकतोस तोवर मना पगार चालू. तुला नोकरी लागली की बंद.

जेवत जा. मन लावून शिक. आणि मना पगार लवकर बंद करी टाक.

तुझी आई,
बेबाबाई