रकाना क्रमांक सात

तीर्थस्वरूप आक्कास सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना वाजतो असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस. माझे दोन्ही वाजतात, पण प्राचार्यबाईंचा स्वतःच्या खोलीत वाजतो आणि माझे तिसऱ्या मजल्यावर, एवढाच काय तो फरक. भावोजींचं पथ्य ते स्वतः पाळतात की अजून तूच पाळतेस? आई इथे बरी आहे. रोज सकाळी 'आहे ना गं अजून नोकरी?' असं विचारते आणि मगच कप तोंडाला लावते. तिला काही कळलंय असं नाही, गेली एकवीस वर्षं ती हेच विचारते. हल्ली उत्तर द्यायला मलाच जरा वेळ लागतो, तेवढ्यात तिचा चहा निवतो.

पत्रावर तारीख नाही, हे तुझ्या पहिल्याच नजरेत आलं असेल. वाळवलेल्या झाडाच्या कागदावर तारीख नसेल तर तो नमुना नव्हे, पाचोळा, हे मला तूच शिकवलंस. विसरलेली नाही, मागे ठेवली आहे. पत्र संपेपर्यंत दम धर.

आधी माझं अभिनंदन कर. मी विभागप्रमुख झाले. अकरा वर्षं त्या खुर्चीत बसलेले आमचे सर (गादीत त्यांचा असा खळगा पडलाय की मी बसले की हनुवटी टेबलाला लागते) एका मंगळवारी अचानक डीन झाले, आणि गुरुवारी परिपत्रक आलं की आमचा वनस्पतींचा विभाग समोरच्या काचेच्या इमारतीतल्या मोठ्या विभागात विलीन होणार. मधल्या बुधवारी मला बढती मिळाली. घराला आग लागली की किल्ल्या सुनेच्या हातात द्यायच्या, तशातली गत. मी मूर्खासारखे पेढे वाटायला निघाले होते, ते तेवढे मोठ्या बाईंनी वाचवले. म्हणाल्या, "थांब गं, आधी परिपत्रक येऊ दे." बाई चौतीस वर्षं इथे आहेत. त्यांना हवा कळते.

परिपत्रकाचं सार असं, की आम्हां तिघींपैकी दोघी समोर जातील, तिसरीचं पद 'अतिरिक्त' ठरेल, आणि तिसरी कोण हे विभागप्रमुखांनी सोबतच्या तक्त्यात, रकाना क्रमांक सातमध्ये, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचं. अतिरिक्त म्हणजे घरी. रकाना नऊ सेंटिमीटर लांब आणि एक रुंद आहे. मी मोजला. (आपल्या धंद्यात पाकळीही मोजतात, माणसाची जागा तर मोजायलाच हवी.)

आता तिघी कोण, ते सांगते. मोठ्या बाई तुला माहीत आहेत, प्रयोगशाळेत तुझ्या शेजारच्या बाकावर बसायच्या. गवतांमध्ये त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण डावा कान पार गेलाय, आणि सभेत त्या बरोबर डीनसाहेबांकडे डावा कान करून बसतात. दुसरी मी. तिसरी आमची नवी. नवीला येऊन सहा वर्षं झाली, पण तिच्यानंतर कोणालाच घेतलं नाही, म्हणून ती नवीच राहिली. तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे. दिवसातून दोनदा ती हर्बेरियमच्या खोलीत, वाळक्या झाडांच्या कपाटांमध्ये बसून बाळासाठी दूध काढते, कारण अख्ख्या मजल्यावर आतून कडी लागणारी ती एकच खोली. दुधाला डांबरगोळ्यांचा वास येतो अशी तिच्या सासूबाईंची तक्रार आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं आहे की, पोराला कसर लागायची नाही."

तर आम्ही तिघी बसलो. तुला वाटेल भांडणं झाली असतील. छे. एवढा त्याग मी एका खोलीत कधी पाहिला नव्हता, जीव गुदमरला. मोठ्या बाई म्हणाल्या, माझंच लिही, चौदाच महिने राहिलेत. मी नियम काढून दाखवला: दोन वर्षांच्या आत निवृत्त होणाऱ्याचं पद अतिरिक्त ठरवता येत नाही, ते आपोआप मरणारच असतं. (मेलेल्याला मारता येत नाही, एवढी माणुसकी परिपत्रकात आहे.) मग नवी मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला जे योग्य वाटेल ते." हे वाक्य ज्यानं शोधून काढलं त्याला माझ्यासमोर उभं करा. मी डीनसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळ्या भगिनी आहात, प्रेमानं सोडवाल." वर आम्हाला 'बदलाला सामोरे जाताना' या एकदिवसीय शिबिराला पाठवलं. तिथे एका हसऱ्या तरुणानं प्रत्येकीला फुगा दिला आणि म्हणाला, यावर तुमची भीती लिहा आणि फोडा. मोठ्या बाईंनी फुगवलाच नाही, नातवासाठी पर्समध्ये टाकला. नवीचा लिहिता लिहिताच फुटला. मी माझ्यावर काय लिहिलं ते सांगत नाही. माझा शेवटपर्यंत फुटला नाही. परतताना बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते, कंडक्टरनं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

आक्का, आता जरा गंभीर होते. तुझ्या पोटात पहिलं होतं, पाचवा महिना होता, आणि तेव्हाच्या विभागप्रमुखांनी तुझी संशोधनाची शिष्यवृत्ती पुढे चालवली नाही. यादीतलं तुझं नाव लाल शाईनं खोडलेलं तू पाहून आलीस. मी सतरा वर्षांची होते. भिंतीपलीकडून तुझं बोलणं ऐकत होते. तू रडत नव्हतीस. आईला एवढंच म्हणत होतीस, "रेघ सरळ होती गं. त्या माणसाचा हातसुद्धा कापला नाही." नमुन्यांवर नावं लिहिलेल्या तुझ्या अक्षरातल्या एकशे बारा चिठ्ठ्या अजून हर्बेरियमच्या कपाटात आहेत. मी दर वर्षी डांबरगोळ्या बदलताना त्या बघते, आणि दर वर्षी मनात म्हणते, मी त्या खुर्चीत बसले तर असं करणार नाही. खुर्ची मिळण्याची शक्यता नसली की माणसाला असलं बोलायला काय जातं?

शिबिरानंतरच्या शनिवारी दुपारी मी तक्ता पुढे घेतला. अंगातून वाफा येत होत्या (हे आता दिवसातून सातआठदा होतं, डॉक्टरीणबाई म्हणतात, वय आहे, मी म्हणते, वय आहे तर एका जागी राहू दे की, हिंडतं कशाला?). शेहेचाळीस वर्षांच्या, एका दुर्मीळ कुळातल्या वेलावर सगळं आयुष्य घालवलेल्या बाईला दुसरं कोण घेणार? नवी एकतीसची आहे, ती सावरेल. असं म्हणून मी रकाना क्रमांक सातमध्ये नवीचं नाव लिहिलं. अक्षर छान आलं.

मग पेन ठेवायला ड्रॉवर उघडला, तर आत एक चिठ्ठी. नवीच्या अक्षरातली. तुला आठवत असेल, माझ्या प्रबंधातला तो वेल, ज्याला मी चौदा वर्षांपूर्वी नाव दिलं होतं. ते नाव चुकीचं आहे. नवीनं फुलाचा बारीकसा भाग भिंगाखाली पाहून ओळखलं होतं, आणि खरं नाव लिहिलं होतं, पुढे 'बहुधा' असं. नमुन्याच्या कागदावर स्वतः डकवून, खाली सही करून ती मोकळी झाली असती. तिनं सहीची जागा कोरी सोडून चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती, की मॅडमची चूक मॅडमनीच सुधारली असं दिसावं. वरची तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती. मी ड्रॉवर आवरत नाही, हे तू आईला किती वेळा सांगितलं आहेस!

मला बसवेना. आता आपल्याकडची रीत तुला सांगायला नको, पण भावोजी हे पत्र चोरून वाचतात म्हणून लिहिते: नमुन्यावरचं चुकीचं नाव आपण कधीही खोडत नाही. ते तसंच ठेवायचं, शेजारी दुसरी चिठ्ठी डकवायची, सही आणि तारीख घालायची. शेवटची चिठ्ठी खरी मानायची. एकवीस वर्षं हाताला तेच वळण. मी एक चिठ्ठी कापली, तीवर माझं नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली, आणि नवीच्या नावाशेजारी डकवून दिली. सोमवारी तक्ता पाठवला. घरी आले ती अशी हलकी, की आईनं विचारलं, "काय गं, ताप आहे का?"

मंगळवारी कार्यालयातून कारकुनांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, साहेब फार खूश आहेत. प्रत्येक विभाग एक नाव द्यायला रडतोय, तुम्ही दोन दिलीत." मी म्हटलं, अहो, दुसरं नाव खरं, पहिलं रद्द. ते म्हणाले, मग पहिलं खोडलं का नाही? मी म्हटलं, आमच्यात खोडत नाहीत. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, सगळीकडे खोडतात."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दोघींची पदं गेली, आणि समोरच्या काचेच्या इमारतीत एकट्या मोठ्या बाई, चौदा महिने, डावा कान पुढे करून. डीनसाहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी ते म्हणाले, एक नाव मागे घेता येईल, पण स्वतः येऊन, रेघ मारून, शेजारी सही करून. शुक्रवारपर्यंत मुदत. नवीला यातलं काही माहीत नाही. ती काल मला विचारत होती, नव्या इमारतीत आतून कडी लागणारी खोली असेल का? मी म्हटलं, तिथे दारं काचेची आहेत.

असं सगळं आहे. शुक्रवारी काय ते बघू. तू गुडघ्याला शेक घे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर घरी पाठव, विभागाचा पत्ता आता भरवशाचा राहिलेला नाही.

तुझी,
अजून नोकरीत असलेली बहीण

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुझ्या कॉलेजात वनस्पतींच्या शिक्षिकेची जागा निघाली आहे, जाहिरात मी पाहिली. नवीनं अर्ज केला तर तिला घे. शिफारस म्हणून नाही. तिच्यासमोर दोन सारखी पानं ठेव आणि फरक विचार, म्हणजे तुला दुसरं कोणी घ्यावंसं वाटणार नाही. आपण बहिणी आहोत हे तिला सांगू नकोस.

ता. क. दोन. आज शनिवार आहे. शुक्रवार काल होता. मी कार्यालयात गेले आणि माझं नाव खोडलं. चिठ्ठी पक्की डकवलेली होती, निघाली नाही, म्हणून तिच्यावरूनच रेघ मारली. आक्का, रेघ सरळ आली. हात कापला नाही. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून एवढं लांब पत्र लिहिलं, आणि विनोद केले ते तू मध्येच फाडू नयेस म्हणून.

ता. क. तीन. तिथून आले ती हर्बेरियममधून वेलाचा कागद माझ्या टेबलावर घेऊन आले. त्यावर, माझ्या चुकीच्या नावाशेजारी, नवीची चिठ्ठी डकवली. 'बहुधा' होतं, ते काढायला सांगावं असं वाटलं, पण सांगणार कोणत्या तोंडानं? तिच्या सहीसाठी परत गेले, तर हर्बेरियमला आतून कडी, म्हणून दारावर टकटक केली. ती आत होती. "दोन मिनिटं हं मॅडम," म्हणाली. मी बाहेर उभी राहिले. तुझ्याकडे आतून कडी लागणारी एखादी खोली आहे का, तेवढं मात्र उलट टपाली कळव.