जाडा पडदा, पातळ लॅपटॉप

हैदराबाद,
ता. २ सप्टेंबर २०२५

दिव्यानी बाईस,
धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

वि. वि. च्या पुढं काय लिहाचं असते ते नववीत शिकवणार होते म्हणे, पण मी नववीतूनच निघालो. म्हणून पुढचं माझ्या मनानं लिहितो.

तू सांगतलं की फोन करू नोको, कागद पाठव. फोन वाजला की बाबा उठून बाहेर जातेत, पण कागद वाचला तर पाठ फिरवून का होईना, बसून ऐकतेत. तीन वर्षं झाली ते माझ्याशी बोलले नाई. चूक माझीच होती, मान्य हाये. नाटकात पडद्याची दोरी माझ्या हातात होती अन् दुसऱ्या हातात मोबाइलवर गेम होता. राजाच्या दरबारात मी जंगल सोडलो. राजा सिंहासनावर अन् मागं सागाची झाडं! लोकं हसले ते हसले, पण पडदे बाबानं रंगवले होते.

माझं बरं चालू हाये. हे सातवं काम. गेम खेळाच्या कॅफेत हावो, मशिनी चालू कराच्या, पोरं गेली की पुसाच्या. आता एक लॅपटॉप घ्याचा हाये अन् तुले विचारून राह्यलो, कारण तू कुरखेड्यात झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर फार्म भरतेस, तुले समजते. एक पाह्यलो तो गेमवाला, पण बोटाएवढा पातळ. काळा, थंडगार, उघडला तर आवाज नाई. दोन लाखाच्या घरात हाये. त्याच्या बाजूले दुसरा, आतलं ग्राफिक कार्ड त्याच नावाचं, किंमत निम्मी, पण जाडा, आपल्या घरच्या लोखंडी पेटीवानी. पातळच्यानं मनात घर केलं. घेऊ का नोको?

आता खरी गोष्ट. गेम खेळासाठी नाई पाह्यजे. वडशाचे नाटककंपनीवाले गुणवंतराव यंदा मोठा चमकणारा एलईडी पडदा आणून राह्यले. कापडी पडदे बंद. त्यावर हलते देखावे लागतेत, नदी वाहणारी, झाड डुलणारं. ते बनवाले मी इथी एका कॉलेजच्या पोरापासून शिकलो. गुणवंतराव म्हणाले, सोळा ऑक्टोबरपर्यंत हो का नाई सांग, मग दुसरा पाहतो. म्हणजे बाबाचे पडदे उतरतील ते माझ्या हातानं. हे जिवाले लागून राह्यलं, बाई.

हा वरचा मजकूर बाबाले वाचून दाखवू नोको.

माया आहे तेवढी राहू दे, शिव्या थोड्या कमी कर.
तुझा,
विक्की

•

कुरखेडा,
ता. ९ सप्टेंबर २०२५

चि. विक्कीस,
बाईचा आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

अरे शहाण्या, 'वाचून दाखवू नोको' हे आधी लिहितेत. तू शेवटी लिहिलं. मी अंगणात खाटेवर बसून मोठ्यानं वाचत आली, अन् त्या ओळीपर्यंत पोचली तेव्हा वाचाचं काहीच उरलं नव्हतं. आई चुलीजवळून ऐकत होती. शेजारची नीलाबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती, तिनं तर खडे निवडणं सोडून दिलं. अख्खी गल्ली गुणवंतरावाच्या पडद्यावर बोलून राह्यली. नववी पूर्ण केली असती तर एवढं तरी समजलं असतं.

बाबा नव्या पडद्याच्या रंगात घालाले सरस गरम करत होते. त्यांनी भांडं खाली उतरवलं, हात पुसले अन् आत गेले. दोन दिवस कुंचल्याले हात लावला नाई. नीलाबाई म्हणाली, पोरानं तेव्हा महालात जंगल सोडलं, आता महालच उचलून नेते का. आईनं तिले चहा दिला, नाई तर ती अजून बोलली असती.

लॅपटॉपचं विचारलंस म्हणून सांगते. आपण बारीक धान लावतो, ते विकतो, अन् घरी जाडं ठोकळ खातो. काऊन? बारीक दिसाले सुंदर, वासाचं, पण शेतावर राबणाऱ्याच्या पोटात दुपारपर्यंत टिकत नाई. तू बारीक विकणाऱ्यांच्या घरचा, बारीक घेणारा कवापासून झाला? माझ्या दुकानातला लॅपटॉप जाडा आहे, दोनदा गाडीवरून पडला, एकदा त्यावर चहा सांडला, अजून सात-बारा काढून देते. पण तुझ्यासारख्या राजबिंड्याले तो शोभणार नाई, ते खरं.

आता ऐक. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबा ताटाकडे पाहून म्हणाले, त्याले विचार, तो पातळवाला किती घंटे टांगून राह्यते. तुझं नाव नाई घेतलं, 'त्याले' म्हणाले. पण विचारलं. तुले आठवते ना, नवीन मांजरपाट आणला की ते आधी रंग लावत नाईत. कापड टांगतेत, मागं दिवा ठेवतेत अन् अख्ख्या नाटकाएवढा वेळ तसंच ठेवतेत. पातळ कापड पहिला घंटा फार देखणं दिसते, मग झोळ पडते, अन् मागं उभा माणूस दिसाले लागते.

उत्तर नीट लिही. अन् गुपित असलं तर पहिल्या ओळीत सांग.

जेवत जा. तुझ्यावरचा राग अन् जीव, दोन्ही शाबूत आहे.
दिव्यानी

•

हैदराबाद,
ता. १७ सप्टेंबर २०२५

दिव्यानी बाईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

गुपित काहीच नाई, सगळं मोठ्यानं वाच. नीलाबाईले बी बोलाव, नाई तर ती दाराआडून ऐकेल अन् अर्धं चुकीचं सांगेल.

तुझा कागद आला त्या दिवशी मी जेवलो नाई. मग तू जेवत जा लिहिलं होतं म्हणून दोन वेळचं सोबत जेवलो.

बाबाले सांग, किती घंटे टांगून राह्यते ते मले माहीत नाई. दुकानात दहा मिनिटं पाह्यलो अन् भाळलो. पण पातळच काऊन पाह्यजे ते तुले खरं सांगतो. मी आतापर्यंत सहा कामं सोडली. मिरची तोडाले गेलो तिथून, टाइल्सच्या गोदामातून, हॉटेलातून, सगळीकडून एका पिशवीत निघालो. पातळ असला तर पिशवीत सरकवला की चाललो. जाड्याले टेबल लागते, खुर्ची लागते. त्याच्यासंगं बसून राहा लागते. मले बसणं येत नाई, हे तू लहानपणापासून सांगून राह्यली.

अजून एक. मी गुणवंतरावाले नमुना पाठवलो होतो, जंगलाचा. कंप्युटरात तयार झाडं भेटतेत, तेच लावलो. ते फोनवर एवढे हसले की मले वाटलं लाइन खराब झाली. म्हणाले, बापा, हे सुईवानी झाडं कोणत्या तालुक्यातले होत, अन् आपल्या कुरखेड्यात बरफ कवा पडला? मी पाह्यलो तर खरंच, झाडाच्या शेंड्यावर बरफ होता. मोह नाई, पळस नाई, टेंभुर्णी नाई. मी खूप शोधलो. सगळ्या दुनियेचे जंगल हायेत, आपलं नाई.

त्या दिवशी समजलं की मले झाड हलवता येते, काढता येत नाई. ते घरात एकालेच येते. पण मी कोणत्या तोंडानं मागू? ज्या जंगलानं मी त्यांची इज्जत घालवली तेच जंगल?

टांगून पाहतो अन् सांगतो. तिथवर मले 'राजबिंडा' म्हणणं चालू ठेव, इथी कोणी म्हणत नाई.
विक्की

•

कुरखेडा,
ता. २४ सप्टेंबर २०२५

चि. विक्कीस,
अनेक आशीर्वाद, जयभीम. वि. वि.

बरफाचं वाचलं तेव्हा आईनं पदर तोंडात धरला. नीलाबाई तर आता रस्त्यात भेटली की विचारते, पोराच्या जंगलातला बरफ वितळला का. बाबा हसले नाई. पण पाठ फिरवून बसले होते अन् खांदे हलत होते, ते मी पाह्यलं.

तुझा शेवटचा भाग वाचला तेव्हा खांदे थांबले. संध्याकाळी मात्र आढ्यावरून तो पडदा खाली काढला, तोच. अंगणात पसरवला. कोंबड्या सागाखालून मोहाखाली गेल्या, मीच त्यांना हाकललं. एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलं आहे, बाकी जंगल आहे तसंच आहे. त्यांनी कोपरा हातात धरून बराच वेळ पाह्यलं अन् परत गुंडाळला, पण आढ्यावर नाई ठेवला. खाटेखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मले म्हणाले, त्या दोन्ही लॅपटॉपची लांबी, रुंदी, जाडी मागव. काऊन म्हणून विचारलं तर म्हणाले, पाह्यजे. मले वाटते, वीस फुटाच्या पडद्याले केवढ्याशा डब्यानं बाहेर काढलं ते त्यांना पाहाचं असेल. तू मोजून पाठव. इंचात पाठव, वीतभर-चारबोट नोको. तुझी वीत कोणती अन् बाबाची कोणती, ते भांडण आधीच मोठं आहे.

एक माझं सांगते. तुले बसणं येत नाई हे मीच म्हणत होती, खरं आहे. पण मोबाइलवर गेम खेळताना तू असा बसला होता की राजाचा दरबार बुडाला तरी उठला नाई. तुले बसता येते. कशासंगं बसाचं तेवढंच ठरव.

वाट पाहते. लवकर लिहिलं नाई तर नीलाबाईले तुझा पत्ता देईन.
दिव्यानी

•

हैदराबाद,
ता. ३ ऑक्टोबर २०२५

दिव्यानी बाईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

टांगून पाह्यलो! आता सगळ्यांना बसव अन् वाच.

दुकानात माल विकाले आपल्याकडच्या सावली गावचा प्रफुल हाये, हे मले माहीत नव्हतं. मी 'काऊन भाऊ' म्हटलो तर त्यानं मले मिठीच मारली. त्याले सांगतलो की नाटकाएवढा वेळ दोन्ही चालवून पाहाचे हायेत. दुसरा कोणी असता तर हाकलून देता. तो म्हणाला, मंगळवारी सकाळी ये, गिऱ्हाईक नसते.

मंगळवारी अकराले दुकान उघडलं अन् आमचा खेळ सुरू झाला. दोन्हीवर माझे देखावे टाकलो, दोन्ही बाजूबाजूले ठेवलो. नाटक तेच धरलो, राजाचं, कारण त्याची प्रत्येक एन्ट्री मले पाठ हाये. पहिला अंक महाल, मग रस्ता, मग नदी. मी हळूच राजाचं म्हणून राह्यलो होतो, तर प्रफुलनं खलनायक घेतला. तो मोठ्यानं हसते त्याचं हसू. सेक्युरिटीवाला तेलुगू, त्याले एक शब्द समजला नाई, पण तो खुर्ची घेऊन येऊन बसला.

पहिला अंक पातळवाल्यानं मारला. बाई, काय रंग! नदीचं पाणी असं की हात धुवावा वाटे. जाड्याची नदी फिकी, अन् त्याचा पंखा असा ओरडे की धान उपणून राह्यले का वाटे. मी प्रफुलले म्हटलो, झालं, पातळच घेतो. तो म्हणाला, अजून दोन अंक हायेत.

दुसऱ्या अंकात पातळवाला तापाले लागला. बटणावर बोट ठेवलं तर भाकरीच्या तव्याची आठवण झाली. तिसऱ्या अंकात राणी पोराले जंगलात सोडून जाते ना, ज्या वेळी सगळ्या बाया रडतेत, नेमका त्याच वेळी त्याचं जंगल अटकाले लागलं. झाड डुले, थांबे, मग उडी मारून दुसरीकडं जाये. जसं कोणी उचकी लागून रडते. सेक्युरिटीवाला हसला. अन् बाजूले जाडा, तो पंखा ओरडत, घाम गाळत, एकसारखा डुलवून राह्यला होता. पाच वाजता भरतवाक्य झालं तवाही तो तसाच होता.

प्रफुल इमानदार निघाला. म्हणाला, पातळ खराब नाई, जो दोन घंटे खेळते अन् रोज खांद्यावर घेऊन फिरते त्याच्यासाठी किंमत बरोबर हाये. पातळ डब्यातली गरमी जाईल कुठी? तुमच्या नाटकाले हा पुरणार नाई. पंख्याच्या आवाजाचं काय म्हटलो तर म्हणाला, आपल्या नाटकात लाऊडस्पीकर असते, हत्ती आला तरी ऐकू येत नाई.

बाबाले सांग, त्यांनी हैदराबाद न पाहता जे सांगतलं ते दोन लाखाच्या वस्तूवर खरं निघालं. पातळची लांबी चौदा इंच, रुंदी दहा, जाडी पाऊण इंचाच्या आतच. जाड्याची लांबी साडेचौदा, रुंदी साडेदहा, जाडी सव्वा इंच.

आता एक मोठ्यानं वाच. बाबा, महालाच्या वेळी महाल अन् जंगलाच्या वेळी जंगल, एकदाही चुकलो नाई, मोबाइल प्रफुलजवळ ठेवलो होतो. मी जाडा घ्याचं ठरवलो. पण तुम्ही नाई म्हटलं तर घेत नाई अन् गुणवंतरावाले नाई कळवतो. दुसरा कोणी तुमचे पडदे उतरवेल तर उतरवो. मी बरफाचं जंगल घेऊन वडशाले येणार नाई.

बाई, उत्तर स्पीडपोस्टानं पाठव. माया नेहमीपेक्षा जास्त लागून राह्यली.
विक्की

•

कुरखेडा,
ता. ८ ऑक्टोबर २०२५

चि. विक्कीस,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझा कागद वाचून झाला. मग बाबा उठले, खाटेखालून एक पिशवी काढली अन् माझ्या मांडीवर ठेवली. लॅपटॉपची पिशवी, जाड कापडाची, आतून जुन्या सोलापुरी चादरीचं अस्तर, दुहेरी शिवण. झाकणावर मोहाचं झाड. पाह्यल्याबरोबर ओळखलं, त्याच जंगलाचा कुरतडलेला कोपरा कापून शिवली. बाकी पडदा अख्खा आहे, तू येऊन फोटो काढशील म्हणून.

मी तुझे इंच लावून मोजले. पिशवी जाड्याच्याच मापाची. मी विचारलं, त्याचा कागद तर आज आला, मग माप कसं समजलं? तर म्हणे, परवा तू चहा प्याले गेली होती, तुझ्या दुकानातला मोजून घेतला. मग दोन्हीचं माप काऊन मागवलं? म्हणाले, त्याले सगळं आधीच सांगतलं असतं तर त्यानं टांगून पाह्यलं असतं का.

एवढा हिशोबी बाप अन् त्याचा पोरगा तू!

खाली त्यांनी स्वतः लिहिलं आहे. अर्धा घंटा लागला. मी एक काना दुरुस्त कराले गेली तर हात झटकला. भेटीपर्यंत स्वतःले जप, अन् येताना मले पातळ काहीतरी आण, निदान ओढणी तरी.
दिव्यानी

विक्कीस जयभीम.
झाडं माझी, हलवनं तुझं. दरबाराचा पडदा अजून एक रंगवून ठेवतो, महालाचे खांब जुने झाले. जाडाच घे. पंधरा तारखेले बल्लारपूरले उतर अन् चंद्रपूरले ये. दीक्षाभूमीच्या गेटाजवळ पिशवी घेऊन उभा राहीन. धम्मचक्र दिनाची गर्दी असते, पिशवीवर मोह हाये, त्यावरून ओळख.
मोबाइल खिशात ठेवजो.
देवाजी