तुमच्या शेताखालच्या गुहेबद्दल

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, जेवणानंतर

प्रिय वन्सं,

सुरुवातीला तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं असतं, ते ठेवलं असं समजा. प्रत्यक्षात ठेवलं असतं तर तुम्ही "उठ गं, कंबर धरंल" म्हणाला असता आणि ती धरलीच असती. तुमची शुगर आता कशी आहे? पुण्याच्या नव्या डॉक्टरांनी भात बंद केल्याचं सूनबाईंकडून कळलं. तुम्ही तो खरंच बंद केला आहे का, हे मी त्यांना विचारलं नाही. इकडे मी ठीक आहे. तुमच्या धाकट्या बंधूंचे गुडघे मात्र ठीक नाहीत, पण ते पुढं येईलच.

फोनच करणार होते. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, आणि मग सूनबाई, नातू आणि पोळ्या करणाऱ्या मावशी असे सगळे मिळून माझं ऐकतात. (मागच्या वेळी मावशींनी मला मधूनच सल्लाही दिला. चांगला होता.) आज जे लिहिते आहे ते फक्त तुमच्यासाठी आहे, म्हणून पत्र. अक्षर लागेल तुम्हाला. शाळेतल्या सिस्टरांनी आमची अक्षरं वाटाण्यासारखी गोल करून घेतली होती. त्या गोलपणानंच सगळा घात केला, असं मला हल्ली वाटतं.

तर वन्सं, पिशोरच्या तुमच्या वाट्याच्या शेताखाली गुहा निघाली आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्या जिल्ह्यात गुहा निघाली यात नवल ते काय. सगळे तेच म्हणतात. इथं गुहा म्हटलं की लोक "कितवी?" असं विचारतात, कारण इथल्या लेण्यांना नंबर असतात. पण ती माणसांनी कोरलेली. तुमच्या बंधूंना हवी होती ती कुणीच न कोरलेली, लाव्हारस थंड होताना त्याच्या पोटात राहून गेलेली पोकळी. कॉलेजात भूगोल शिकवताना ती ते फळ्यावर काढायचे आणि सुट्टीत डोंगरात शोधायचे. (लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो. वाटेत एक भोक दिसलं म्हणून एस.टी.तून उतरलो. ते साळिंदराचं निघालं. महाबळेश्वर मी अजून पाहिलेलं नाही.) उभा जन्म त्यांनी असा घालवला आणि एकही गुहा सापडली नाही. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी त्यांना चेष्टेनं बॅटरी भेट दिली. ते मनापासून हसले. मला मात्र त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पुढं त्यांना दोन साथीदार मिळाले. प्रणय हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता इथं घरांचे नकाशे काढतो. दुसरे अप्पाराव, वीज खात्यातून निवृत्त झालेले. डब्याच्या आशेनं आले आणि राहिले. चौथी मी. माझ्या बारीक अंगानं आणि गोल अक्षरानं मला तिथं जागा मिळवून दिली.

गुहा सापडली ती पाण्याच्या डेऱ्यामुळं. तुमचं शेत बटाईनं करणारा मोतीराम वरच्या टोकाला, ओढ्याजवळच्या खडकाच्या कुशीत आपला डेरा ठेवतो. ऐन वैशाखात त्यातलं पाणी दाताला कळ लावण्याइतकं गार होतं. तुमचे बंधू पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि खडकाच्या फटीपाशी हात धरून बसले. मग उदबत्ती मागितली. मोतीरामच्या बायकोनं, सरूबाईनं, घरून आणून दिली. धूर आत जायच्या ऐवजी सरळ बाहेर त्यांच्या तोंडावर येऊ लागला. आत हवा आहे म्हणजे जागा आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळं असेल, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं.

त्यानंतरचे रविवार आम्ही खणत होतो. कुदळ, पहार, घमेली, आणि दोर बांधून माती ओढायला जुनी गोणपाटं. मी जुन्या सोफ्याच्या गाद्या कापून सगळ्यांना गुडघ्याचे पट्टे शिवले. तोंड मोकळं झालं तेव्हा पहिलं कोण शिरणार यावर मानापमान झाले आणि त्या गडबडीत अप्पाराव शिरले. अर्धे शिरले. ना आत, ना बाहेर.

"सायेब, श्वास सोडा," मोतीराम म्हणाला.

"सोडला तर परत घ्यायला जागा नाय रे बाबा," आतून आवाज आला.

शेवटी सरूबाईनं भाकरी आणि ठेच्याचं फडकं त्यांच्या पायांजवळ सोडलं, तेव्हा ते वासासरशी मागं सरकत आपोआप बाहेर आले. तेव्हापासून त्यांनी बाहेरचं खातं सांभाळलं आहे.

आत कसं आहे ते तुम्हाला सांगायला हवं, शेवटी जागा तुमची आहे. आधी पोटावर सरपटावं लागतं, मग बसता येतं, मग वाकून उभं राहता येतं. छत मडक्याच्या आतल्या बाजूसारखं गुळगुळीत. एका कडेनं पाण्याची बारीक धार, तिच्या काठाला ओळीनं पुढं आलेले दगड. वर वटवाघळं टांगलेली, आमच्या दिव्यांनी वैतागलेली. आणि अगदी शेवटी एक अरुंद फट. गार वारा येतो तो तिथून. तुमच्या बंधूंनी त्यात खडा टाकला. तो घरंगळत गेला, जात राहिला, आणि मग त्याचा आवाज असा आला, जसा मोठ्या रिकाम्या दिवाणखान्यातून येतो. पलीकडं मोठं काहीतरी आहे. ते मला एवढंच म्हणाले, "आधी मोजणी. मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही." शिस्तीचा माणूस. तेव्हाच हट्ट करून त्यांना पुढं ढकललं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मोजणी अशी असते. भिंतीवर एक पक्का ठिपका द्यायचा. तिथून दिसेल तितक्या लांब दुसरा ठिपका द्यायचा. दोहोंतलं अंतर, दिशा आणि उतार मोजायचा, मग तिथून तिसरा. ठिपके पुसले की मोजणी वाया. (पहिल्या दिवशीची तशीही गेलीच. कुणीतरी लोखंडी पहार होकायंत्राला टेकवून ठेवली होती. त्या नकाशाप्रमाणे तुमची गुहा शेतातून निघून थेट दौलताबादच्या किल्ल्यात शिरत होती.) ठिपके द्यायचं काम माझ्याकडं. प्रणयच्या सांगण्यावरून मी लाल नेलपॉलिश नेलं होतं, पण ओल्या दगडावर ते धरेना. आता ओल्या दगडावर वर्षानुवर्षं काय टिकतं, याचा मी विचार केला. माझ्या पिशवीत गुलमंडीवरून घेतलेली शेंदराची पुडी होती, शनिवारच्या मारुतीसाठी. अप्पारावांच्या डब्यातलं तेल घेतलं, कालवलं, आणि काठाच्या दगडांवर बोटानं सुंदर गोल ठिपके दिले. सिस्टरांनी शाबासकी दिली असती. प्रणयनं तर दिलीच. सगळे मिळून सात ठिपके झाले.

वन्सं, तुम्ही आत्ता कपाळाला हात लावला असणार. मला तेव्हा तो लावायचं सुचलं नाही. पाण्याच्या काठाला, अंधारात, ओळीनं सात दगड, आणि सातांना शेंदूर. आमच्यातल्या एकालाही काही वाटलं नाही. तुमचे बंधू होकायंत्रात बघत होते, प्रणय आकड्यांत, आणि मी माझ्या गोलाईत.

पुढच्या रविवारी गेलो तर गावानं तोंड वाकून जाता येईल इतकं खणून मोठं केलेलं, आणि त्यापाशी चपलांचा ढीग. आत उदबत्त्यांचा धूर, हळदकुंकू, लिंबं, हिरव्या बांगड्या, प्रत्येक ठिपक्यापुढं नारळ. सरूबाई हात जोडून बसली होती. मला पाहून म्हणाली, "वहिनी, साती आसरा हायेत, पान्यातल्या देव्या. मोजून घ्या, एक बी कमी नाय, एक बी जास्त नाय. तुमी शिकलेली मान्सं मापं काढत बसला, तुमाला दिसल्या बी नाय."

मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तिच्या मागं तिची लेक निशा दिसली, भिंतीला टेकून बसलेली. तिचं मागं दोनदा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आता पुन्हा दिवस गेले आहेत. पोरगी किती दिवस कुणाशी बोलत नव्हती, सासरी जात नव्हती. ती मला म्हणाली, "मामी, इथं आलं की मला झोप लागती." मी तोंड मिटलं.

बाहेर आल्यावर तुमच्या बंधूंनी माझ्याकडं पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, "सुलेखा, सातवा चार बोटं डावीकडं हवा होता." बस, एवढंच. त्यांच्या कोणत्याही रागावण्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

कारण त्या सातव्या ठिपक्याच्या मागंच ती फट आहे. आणि गावानं ठरवलं आहे की आसरांना ओलांडून पुढं जायचं नाही. मोतीराम बिचारा संकोचानं म्हणाला, "सर, तुमाला नाय म्हनवत नाय. पर निशाचं पार पडूस्तोवर थांबा. काय इपरीत झालं तर मला गावात ऱ्हाता येनार नाय." यात चूक काहीच नाही. पण दिवाळीनंतर तुमच्या बंधूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टरांना मी हळूच विचारलं, नंतर सरपटता येईल का? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझीच तपासणी करतील. निशाचे दिवस दिवाळीनंतरच भरतात. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

वटवाघळंही धुरानं निघून गेली. ती जाताना कुणाला दिसली नाहीत. प्रणयनं नकाशा पूर्ण केला आहे. छान झाला आहे. फटीच्या जागी तुटक रेघ आहे आणि तिच्या टोकाला प्रश्नचिन्ह. तुमचे बंधू चष्मा काढून ते प्रश्नचिन्ह बघतात, मग पेपर वाचतात. परवा मी विचारलं, फार वाईट वाटतं का हो? तर म्हणाले, "अगं, सापडली तर आहे." आणि माझ्या ताटात स्वतःच्या ताटातलं लोणचं वाढलं. वन्सं, तुम्ही मला पिशोरला पहिल्या वर्षी चूल शिकवलीत, तेव्हा मी धुरानं रडायचे आणि तुम्ही म्हणायच्या, शाळेत काय शिकवलं हिला. आज तोच प्रश्न मी स्वतःला विचारते आहे.

गोळ्या वेळेवर घ्या. सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला पापा, मावशींना नमस्कार.

तुमची,
सुलेखा

ता. क. इतकं लांबण लावून मूळ गोष्ट राहिलीच. शेत तुमचं, आणि गावात तुमचा शब्द अजून कुणी खाली पडू देत नाही. तर मोतीरामला फोन करून एवढंच सांगाल का, की आसरा तुमच्या स्वप्नात आल्या आणि म्हणाल्या, आवडाबाईच्या भावाला एकदा पुढं जाऊ द्या? तुमचं स्वप्न तपासायला पुण्याला कुणी येणार नाही. खोटं बोला असं मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. पण एका माणसाची एकच इच्छा आहे, आणि ती माझ्या बोटानं अडवली आहे.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, तोवर आज आम्ही दोघं पिशोरला जाऊन आलो. निशाला खण द्यायचा होता. ती गुहेत आसरांपाशी निजली होती, सरूबाई शेजारी पंखा घालत होती. पाण्याच्या ओलीनं सातवा ठिपका पार पुसट झाला होता. आणखी एका पावसात गेलाच असता. सरूबाईच्या अजून लक्षात आलं नव्हतं. मी तुमच्या बंधूंकडं पाहिलं. त्यांनी माझी पिशवी पुढं केली आणि बॅटरी धरली. मी शेंदूर कालवला आणि ठिपका नीट भरला. मग त्यांनी उजेड थोडा वेळ त्या फटीवर ठेवला, आणि बॅटरी बंद केली.

तेव्हा मोतीरामला फोन करू नका. वरचं खोडून पुन्हा लिहायला बोटं दुखतात, म्हणून तसंच पाठवते आहे.