पॅलेडियमवरची साय

३ फेब्रुवारी
"तेरे हाथ गंदे हैं, तृप्ती." — सगळ्या लॅबसमोर! मधुकर सर माझे गाइड, पण माझं म्हणणं धड ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

गजाननकाकांच्या केळी पिकवायच्या खोलीत लावलेला आमचा सेन्सर पुन्हा मेला. खोलीत फळं पिकवणारा इथिलीन गॅस भरलेला, आणि हा ढिम्म! सेन्सरमध्ये टायटॅनियम ऑक्साइडवर पॅलेडियम धातूचे कण, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. गॅस ओळखला जातो तो या दोघांच्या सांध्यावर. मी म्हणते, सेन्सर तापला की ऑक्साइडच धातूवर चढतो, दुधावर साय धरावी तसा, आणि सांधा बुजतो. सर म्हणतात, इतक्या कमी तापमानाला अशक्य. नमुन्यावर घाण बसली असेल.

घाण! हातमोजे घालून घालून बोटं सोलवटलीत माझी.

४ फेब्रुवारी
राग उतरला नाही.

९ फेब्रुवारी
मेलेल्या सेन्सरचा नमुना घेऊन इंदूरला गेले. तिथला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवणारा ऋषिकेश आधी जांभया देत होता. मग एकदम स्क्रीनकडे वाकला. "मॅडम, ये देखो." कणावर पातळ पापुद्रा — आणि तपासलं तर त्यात टायटॅनियम! घाण नाही!

१० फेब्रुवारी
सरांना चित्र दाखवलं. बराच वेळ पाहत राहिले. मग — "सेन्सरवरच्या आपल्या पेपरमधून हे काढून टाक. बाकी छापू."

का? तर त्यांच्याच जुन्या पेपरात लिहिलंय, सांधा स्वच्छ राहतो! त्यांची अब्रू राहावी म्हणून मी डोळे मिटायचे?

घरी आई — "सरले कायले नडतेस माय? एक फोटोच तं आहे." फोटोच! जेवले नाही.

१४ फेब्रुवारी
केबिनमध्ये गेले. उभ्याउभ्याच बोलले — "चित्र नसेल तर पेपर नाही, सर." सर चष्मा पुसत बसले. भ्याड!

१७ फेब्रुवारी
सरांनी बोलावलं. "चित्र राहू दे. माझं नाव काढ." आवाजात राग नव्हता. "मुझे अभी भी यकीन नहीं. तुला आहे ना? मग तुझ्या नावावर जाऊ दे."

पेपरवर आता माझं एकटीचंच नाव. आणि पहिल्यांदाच मनात आलं — तो पापुद्रा केळीच्या खोलीत नाही, मायक्रोस्कोपच्या इलेक्ट्रॉन झोतानेच चढला असेल तर?

पेपर पाठवला नाही. उद्या नमुना पहिल्यापासून बनवते, आणि तापवण्याआधीच मायक्रोस्कोपखाली बघते.